यंत्रांची नाडीपरीक्षा

उन्हाळ्यात बदलापूरच्या बॅरेजवर उल्हास नदीत जे पाणी दिसते, त्यातले बरेचसे पाणी खरे तर तिचे नव्हे. ते आंध्रा नदीचे. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला; म्हणजे निसर्गाच्या मनात हे पाणी बंगालच्या उपसागरात जायचे होते. टाटांच्या कंपनीने मावळात ठोकरवाडीला धरण बांधले, पाणी पश्चिमेकडे वळवले आणि सह्याद्रीच्या कड्यावरून लोखंडी नळांतून खाली कर्जत तालुक्यात भिवपुरीला आणले. हे वीजघर १९२२ साली सुरू झाले. तिथली चाके फिरवून सुटलेले पाणी उल्हासमध्ये येते आणि पुढे आमच्या भागातल्या पाणीयोजनांना आणि कारखान्यांना पुरते. कात्रपमध्ये राहणाऱ्या माणसाने नळ सोडला, तर घाटावरून खाली आलेले आणि वाटेत एक यंत्र फिरवून आलेले पाणी त्याच्या बादलीत पडण्याची शक्यता बरीच असते.

या वीजघरांबद्दल मराठीत लिहिले गेले आहे ते बहुतेक धरणांविषयी, टाटांच्या दूरदृष्टीविषयी आणि मुळशीच्या सत्याग्रहाविषयी. ते योग्यच आहे. पण या यंत्रांना काबूत कसे ठेवले, हा प्रश्न कोणी फारसा विचारलेला नाही. मला तो नोकरीतून पडला. मी आयटीआय झालेला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. बदलापूर एमआयडीसीत माझी नोकरी गेली. गणित जे काही आले ते फोर्टच्या पदपथावरून घेतलेल्या जुन्या पुस्तकांतून, आणि नागरथ-गोपाल यांचे नियंत्रण अभियांत्रिकीचे पाठ्यपुस्तक तीनदा वाचून. तिसऱ्या वाचनात ते थोडे समजले. त्यामुळे या इतिहासाकडे मी पाहतो तो खालून, पॅनेलच्या मागच्या बाजूने.

खोपोलीचे वीजघर भिवपुरीच्या आधीचे, १९१५ चे. तिथे पाणी सुमारे १,७२५ फूट खाली येते. मुंबईच्या गिरण्यांनी माग सुरू केले की यंत्रावरचा भार वाढतो, चाकाचा वेग कमी होऊ लागतो. तो ओळखून पाण्याचा झोत वाढवणे हे गव्हर्नरचे काम. वाचायला सोपे वाटते. पण एवढ्या लांब नळातले पाणी म्हणजे एक जड गाडी असते. झोताचे तोंड मोठे केले, की आतले सगळे पाणी लगेच वेग घेत नाही. क्षणभर तोंडापाशी दाब घसरतो आणि जिथे ताकद वाढायला हवी तिथे ती आधी कमी होते, मग वाढते. घाईच्या गव्हर्नरला वाटते, आपले ऐकले नाही. तो तोंड आणखी उघडतो. तोवर पहिले पाणी वेग घेऊन आलेले असते. आता वेग जास्त, म्हणून तो बंद करायला धावतो. उलट बाजूने, भार अचानक सुटला म्हणून झोत एकदम बंद करावा, तर धावती गाडी भिंतीवर आदळावी तसा नळात दाबाचा तडाखा बसतो. म्हणून अशा पेल्टन चाकांना एक झडप बसवतात: ती झोत चटकन बाजूला वळवते आणि सुई मागाहून सावकाश पुढे सरकते. पाणी तेवढ्यापुरते वाया जाते, नळ वाचतो.

या पुढे-मागे डोलण्याला कारखान्यात आम्ही आजही ‘हंटिंग’ म्हणतो. हा रोग जुना आहे. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. पुढे ग्रिनिचचे राजज्योतिषी एअरी यांना दुर्बीण ताऱ्यामागे समान गतीने फिरवायची होती. त्यांचे यंत्र डोलू लागले, तेव्हा १८४० मध्ये त्यांनी या अस्थैर्याचा गणिताने विचार केला. १८६८ साली मॅक्सवेलने गव्हर्नरांवर निबंध लिहिला, १८७७ मध्ये राउथने त्याचे उत्तर पुरे केले. आल्प्समधल्या जलविद्युत यंत्रांवर काम करणाऱ्या स्टोडोलाने झुरिचमधल्या आपल्या गणिती सहकाऱ्याला, हुर्विट्झला, हाच प्रश्न घातला; हुर्विट्झचे उत्तर १८९५ मध्ये छापले गेले आणि दावोसच्या टर्बाइनसाठी वापरलेही गेले. म्हणजे खोपोलीची चाके फिरली, तेव्हा डोंगरातल्या पाण्याला काबूत ठेवण्याचे गणित वीस वर्षांचे झालेले होते.

पण या गणिताला एक अट होती, आणि माझ्या मते सगळा इतिहास त्या अटीभोवती फिरतो. राउथ आणि हुर्विट्झ म्हणतात: तुमच्या यंत्राचे समीकरण द्या, त्यातले सहगुणक द्या, मी सांगतो ते स्थिर आहे की नाही. समीकरण नसेल तर? नळाच्या आत किती घर्षण, तेलाच्या डॅशपॉटमध्ये किती सुस्ती, सांध्यांत किती ढिलाई, हे सगळे कागदावर आणणे पुस्तकात जमते. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात बहुधा एक पाना आणि एक घड्याळ असते. शिवाय उत्तर मिळते ते ‘हो’ किंवा ‘नाही’. किती हो? कड्याच्या टोकापासून किती पावले आत? त्याचे उत्तर त्या कसोटीतून सहजी मिळत नाही.

ते उत्तर पाण्याच्या किंवा वाफेच्या यंत्रातून आलेच नाही. ते टेलिफोनमधून आले. अमेरिकेत किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत आवाज न्यायचा तर वाटेत ठिकठिकाणी तो मोठा करणारे अँप्लिफायर लागत, आणि प्रत्येक अँप्लिफायर आवाजात थोडी खरखर, थोडा बिघाड घाली. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हॅरल्ड ब्लॅक नावाचा २९ वर्षांचा अभियंता हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीतून कामावर चालला होता. त्याला सुचले, की बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही भाग उलटा करून आत परत घालावा. आवाज मोठा कमी होईल, पण बिघाडही तेवढाच घटेल. त्याने ते हातातल्या न्यू यॉर्क टाइम्सच्या पानावरच उतरवले. पेटंट कार्यालयाला हे इतके उफराटे वाटले, की मंजुरीला नऊ वर्षे लागली. अडचण एकच होती: परत घातलेला आवाज कधी कधी शमवण्याऐवजी भडकवायचा, आणि अँप्लिफायर शिट्टी मारू लागायचा.

ही शिट्टी आपल्याला परकी नाही. गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर आला, की जी कानठळी बसते ती हीच. स्पीकरचा आवाज माइकमध्ये जातो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये. नीट ऐकले तर ती नुसती गोंगाट नसते; तिला एक ठरावीक सूर असतो. सगळ्या सुरांपैकी जो सूर फेरा मारून बरोबर ताल साधून परत येतो, आणि परत येताना पहिल्यापेक्षा लहान झालेला नसतो, तोच वाढत जातो. जाणता साउंडवाला सगळा आवाज कमी करत बसत नाही. तो तेवढ्या सुराची पट्टी खाली ओढतो. त्याने फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स हा शब्द ऐकला असेल वा नसेल, तो करतो ते तेच.

बेल लॅबोरेटरीजमधल्या हॅरी नायक्विस्ट या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने जानेवारी १९३२ मध्ये याला गणिताचे रूप दिले. मराठी परिभाषेत फ्रीक्वेन्सीला कंप्रता म्हणतात. इथे सोयीसाठी मी लय म्हणतो. त्याची रीत अशी: फेरा एका जागी तोडा. तिथून एका लयीची लाट आत सोडा आणि फेरा मारून ती कशी परतते ते पाहा. दोनच गोष्टी टिपायच्या: ती किती पट मोठी वा लहान झाली, आणि किती मागे पडली. मग लय थोडी जलद करा, पुन्हा टिपा. संथ लयीपासून जलद लयीपर्यंत हे सगळे बिंदू कागदावर मांडले, की एक वक्ररेषा तयार होते. कागदावर एक धोक्याचा बिंदू असतो: लाट बरोबर अर्धा फेरा मागे पडली आहे आणि तेवढीच मोठी परत आली आहे. अर्धा फेरा मागे पडणे म्हणजे, कमी करायला निघालेली दुरुस्ती पोचेपर्यंत वेळ उलटलेली असते आणि ती वाढवण्याचेच काम करते. तोडलेला फेरा स्वतःपुरता शांत असेल आणि वक्ररेषा त्या बिंदूला वेढा घालत नसेल, तर यंत्र स्थिर. वेढा घालत असेल तर शिट्टी नक्की.

यातली क्रांती गणितात जितकी आहे, त्याहून जास्त समीकरणाच्या अटीत आहे, कारण ती अटच गळून पडली. आत काय आहे हे माहीत नसले तरी चालते. पेटी बंदच राहू द्या, बाहेरून लाट सोडा आणि उत्तर मोजा. वैद्य शरीर न उघडता मनगटावर तीन बोटे ठेवतो, तसे. वैद्याच्या बोटांतले ज्ञान त्याच्याबरोबर जाते, हा कागद मात्र दुसऱ्याला वाचता येतो, एवढा फरक. वक्ररेषा धोक्याच्या बिंदूपासून किती अंतरावरून गेली तेही त्याच कागदावर दिसते. हेंड्रिक बोडेने या अंतराला दोन मापे दिली: लाटेचा आकार आणखी किती पट वाढला तर चालेल, आणि ती आणखी किती मागे पडली तर चालेल. गेन मार्जिन आणि फेज मार्जिन. त्याचे पुस्तक १९४५ साली आले आणि त्याच्या पद्धतीचे आलेख आजही अभियांत्रिकीची मुले घोकतात, बहुतेकदा ते कशासाठी हे न कळता. यात दोष मुलांचा नाही.

आमच्यासारख्यांपर्यंत ही विद्या पोचली ती आणखी एका दाराने. १९४२ साली, उपकरणे बनवणाऱ्या टेलर कंपनीतल्या झिगलर आणि निकोल्स या दोघांनी रासायनिक कारखान्यांसाठी एक तोडगा छापला. कंट्रोलरचा जोर हळूहळू वाढवत न्या. एका ठिकाणी तापमान एकसारखे डोलू लागेल. ना वाढते ना शमते. तो जोर लिहून ठेवा, एका झोक्याला लागणारा वेळ लिहून ठेवा. मग जोर त्याच्या निम्म्यावर आणा. बस. नुसत्या जोरावर चालणाऱ्या कंट्रोलरसाठी निम्मा. जोडीला इंटिग्रल असेल तर ०.४५ पट, डेरिव्हेटिव्हही असेल तर ०.६ पट. नायक्विस्टची अख्खी वक्ररेषा काढायची गरज नाही, तिच्यावरचा धोक्याच्या दिशेचा एक बिंदू शोधला की पुरे. ‘निम्मा’ म्हणजे गेन मार्जिन दोन, हे मला खूप उशिरा कळले. त्याआधी आठ वर्षे मी ते नियमासारखे पाळत होतो, आंघोळीनंतर गंध लावावे तसे.

कळले ते एका प्रकरणामुळे. १९९८ साल असेल. मी ज्या कारखान्यात होतो तिथे एका जॅकेटेड रिअॅक्टरमध्ये उष्णता सोडणारी प्रक्रिया चालायची. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह तापमान सांभाळायचा. काही वर्षे बिनतक्रार चाललेला हा लूप एका दुरुस्तीनंतर डोलायला लागला. गोल चार्टवर पेनाची शाई फुलाच्या पाकळ्यांसारखी वर-खाली जाऊ लागली. उष्णता सोडणाऱ्या प्रक्रियेत हे झोके शोभेचे नसतात. एक झोका हाताबाहेर गेला तर पुढचा मोजायला माणूस उरेलच असे नाही. एका रात्री तापमान अलार्मच्या वर गेले, बॅच टाकून द्यावी लागली आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला मेमो मिळाला, की त्याने कंट्रोलरच्या सेटिंगला हात लावला. तो म्हणत होता, मी हात लावलेला नाही. सेटिंगची नोंद माझ्याकडे होती आणि आकडे तेच होते. पण वरिष्ठांचा प्रश्न बिनतोड होता: आकडे तेच, यंत्र तेच, मग डोलते का?

दुरुस्तीत बदलली होती ती एकच वस्तू. सेन्सर ज्या पोलादी नळीत बसतो ती थर्मोवेल झिजली म्हणून नवी, जाड घातली होती. एवढ्याशा जाडीने काय होते, असे सगळ्यांचे मत. रविवारी प्लँट बंद असताना मी रिअॅक्टरमध्ये नुसते पाणी भरून घेतले, जॅकेटमध्ये थोडी वाफ चालू ठेवली, कंट्रोलर मॅन्युअलवर टाकला आणि हातात घड्याळ घेऊन व्हॉल्व्ह ४० टक्क्यांच्या आसपास पाच टक्के वर, पाच टक्के खाली असा लयीत फिरवत बसलो. आधी वीस मिनिटांचा एक झोका, मग चौदा, मग दहा. प्रत्येक लयीत तापमान किती हलते आणि व्हॉल्व्हच्या किती मागे राहते ते चार्टवरून मोजले. पुढच्या रविवारी जुनी थर्मोवेल बसवून पुन्हा तेच. नव्या नळीत लाट अर्धा फेरा मागे पडत होती ती दहा मिनिटांच्या लयीला, आणि तिथे तापमान ०.६ अंश हलत होते. जुन्या नळीत तीच गोष्ट सहा मिनिटांच्या लयीला घडे, आणि तिथे हलणे ०.३ अंशांचे. म्हणजे धोक्याच्या जागी लाट दुप्पट मोठी झाली होती. आणि आम्ही जोर ठेवला होता तो जुन्या मर्यादेच्या निम्मा. निम्म्याची दुप्पट किती, हे वरिष्ठांना आलेख न दाखवताही सांगता आले.

त्या रिअॅक्टरचे समीकरण मला आजही मांडता येणार नाही. मेमो मागे घेतला गेला. कागदावर मात्र तसे लिहून मिळाले नाही. आमच्याकडे चूक नळीची निघाली तर कोणी पत्र काढत नाही.

या पद्धतीला पुढे वाईट दिवसही आले. १९६० नंतर काल्मनच्या नव्या गणिताने समीकरणाला पुन्हा सिंहासनावर बसवले. चंद्रावर जाणाऱ्या यानाची गती अचूक सांगता येते, तिथे हे गणित अप्रतिम चालले, आणि लाटा सोडून उत्तर मोजणे हे मिस्त्रीकाम समजले जाऊ लागले. १९७८ मध्ये जॉन डॉइल या तरुणाने दीड-दोन पानांचा लेख लिहून विचारले, की या सर्वोत्तम म्हणवणाऱ्या पद्धतीत मार्जिनची हमी काय? लेखाचा सारांश इंग्रजीत तीन शब्दांचा होता: हमी काहीच नाही. समीकरणात किंचित चूक असली तरी यंत्र कोसळू शकते. माझ्या थर्मोवेलची जाडी म्हणजे अशीच किंचित चूक.

मग लाटांचा विचार नव्या वेशात परत आला. १९८१ मध्ये झेम्सने प्रश्न असा मांडला: सगळ्या लयींमध्ये ज्या लयीला उत्तर सर्वांत वाईट येते तिथला शिखरबिंदू पाहा, आणि तो जमेल तितका खाली ठेवा. प्रश्न सुंदर होता, पण तो सोडवणे फार किचकट. १९८९ च्या ऑगस्टमध्ये चौघांनी त्याचे सुटसुटीत उत्तर छापले आणि जगभरच्या नियंत्रणशास्त्रज्ञांच्या टेबलावर ते पोचले. चौघे म्हणजे डॉइल, ग्लोव्हर, फ्रान्सिस आणि प्रमोद खरगोणेकर. खरगोणेकर १९७७ साली पवईच्या आयआयटीतून बी.टेक. होऊन अमेरिकेत गेले. पुढे तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख झाले. आपल्याकडे परदेशात नाव काढलेल्यांच्या याद्या हौसेने छापल्या जातात. त्यांत हे नाव मला क्वचित भेटले. कदाचित ‘त्यांनी नेमके काय केले’ हे एका ओळीत लिहिता येत नाही म्हणून असेल. एका ओळीत लिहायचेच तर: यंत्राबद्दलचे आपले अज्ञान किती मोठे असले तरी चालेल, याचा हिशेब करण्याची वाट त्यांनी सोपी केली.

हा हिशेब महाराष्ट्राच्या दारात उभा राहिला तो ३१ डिसेंबर २०१३ रोजी. त्या दिवशी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी एका लयीत आले. पण दोन प्रचंड जाळी मोजक्या वाहिन्यांनी जोडली, की ती दोरीने बांधलेल्या दोन नावांसारखी एकमेकींना ओढत काही सेकंदांच्या संथ झोक्याने डोलू शकतात. त्यावरचा उपाय प्रत्येक मोठ्या जनित्राच्या आत असतो: पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर नावाचे छोटे यंत्र. ते नेमके किती पुढे ढकलायचे हे ठरवायला अभियंते जनित्रात वेगवेगळ्या लयींचा हलका संकेत सोडतात आणि तो किती मागे पडून येतो ते टिपतात. नायक्विस्टचेच काम, फक्त फेऱ्यात शेकडो मेगावॉट.

कात्रपच्या पलीकडे एमआयडीसीत मात्र ही विद्या एका बटणात शिरली आहे. १९८४ मध्ये ओस्ट्रॉम आणि हेग्लुंड या दोन स्वीडिश संशोधकांनी झिगलर-निकोल्सच्या तोडग्यातला धोका काढून टाकला. जोर वाढवत कड्यापर्यंत जाण्याऐवजी कंट्रोलरच्या जागी काही मिनिटे एक साधा स्विच काम करतो: तापमान हव्या अंकाच्या वर गेले की व्हॉल्व्ह थोडा उघड, खाली आले की थोडा मिट. एवढ्याने लूप आपसूक त्याच लयीत डोलू लागतो जिथे लाट अर्धा फेरा मागे पडते. झोका किती मोठा ठेवायचा ते आपल्या हातात राहते, आणि त्या झोक्यावरून मर्यादेचा जोर काढता येतो. आता काही हजारांच्या कंट्रोलरवरही ‘ऑटो ट्यून’ असते. नवीन पोरे ते दाबतात आणि चहाला जातात. ऑपरेटर मात्र पॅनेलपाशी थांबून राहतो, कारण तापमान मुद्दाम डोलवले जाते आहे हे त्याच्या जिवाला पटत नाही. हिरवा दिवा लुकलुकत असतो. चार-पाच झोके जातात, पडद्यावरचे तीन आकडे बदलतात, आणि दिवा विझतो.